स्वतःला जपायचं, पण कशासाठी?

स्वतःची काळजी घेणं म्हणजे सुगंधी तेल, चेहऱ्याला लेप आणि दार लावून तासभर पडून राहणं, असं हल्ली जाहिराती आपल्याला शिकवतात. या विषयावर बोलताना जिचं नाव हटकून घेतलं जातं, त्या ऑड्री लॉर्डचं पुस्तक मी मुद्दाम मिळवून वाचलं. तेलाची बाटली त्यात कुठं सापडली नाही. सापडली ती यकृतातली गाठ.

ऑड्री लॉर्ड ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय कवयित्री. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मली; आईवडील कॅरिबियन बेटांवरून आलेले. वंशभेदाविरुद्ध, बायकांसाठी आणि समलिंगी माणसांच्या हक्कांसाठी ती आयुष्यभर भांडली. १९७८ मध्ये तिला स्तनाचा कॅन्सर झाला, स्तन काढावा लागला. १९८४ मध्ये तो यकृतात पोचल्याचं कळलं. तिथून पुढच्या रोजनिशीतल्या नोंदी १९८८ मध्ये निघालेल्या ‘अ बर्स्ट ऑफ लाइट’ या पुस्तकात आहेत.

या नोंदींचं बळ असं, की ही बाई शूरपणाचा आव आणत नाही. भीती वाटली की भीती वाटली म्हणते. पण डॉक्टर सांगतात म्हणून मानही डोलवत नाही. बायोप्सी नाकारते, बर्लिनला शिकवायला जाते, पुढं स्वित्झर्लंडमधल्या एका क्लिनिकात उपचार घेते. अंगातला कॅन्सर आणि दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद या तिला एकाच लढाईच्या दोन आघाड्या वाटतात. म्हणून तिच्या लेखी शरीर जपणं हे लाड नव्हेत. ज्यांना तुम्ही जगायलाच नको आहात, त्यांच्यासमोर टिकून राहणं हीसुद्धा लढाईच.

एक गोष्ट मात्र मला खटकली. विश्रांतीचं मोल सांगणारं हे पुस्तक स्वतः फारसं खाली बसतच नाही. आज व्याख्यान, उद्या प्रवास, परवा सभा! दुसऱ्यांदा वाचताना उलगडलं, की तिच्यासाठी जपणं म्हणजे काम सोडणं नव्हेच. उरलेल्या दिवसांत आपलं काम कुठलं आणि कुठलं नाही, हे स्वतः ठरवणं.

दुसरी उणीव मात्र खरीच आहे. लॉर्ड प्राध्यापक होती, तिच्याभोवती जीव लावणाऱ्या बायका होत्या, परदेशी क्लिनिकापर्यंत ती पोचू शकली. जिची एका दिवसाची मजुरी बुडाली तर चूल अडते, तिनं काय करायचं? त्याचं उत्तर एकटीच्या निश्चयात नाही.

एरिका गार्नरचंच बघा. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांनी गळा आवळून धरल्यानं तिचे वडील एरिक गार्नर गेले. न्यायासाठी ही मुलगी रस्त्यावर उतरली, ती उतरलीच. डिसेंबर २०१७ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर ती गेली, वय अवघं २७. काही महिन्यांपूर्वीच बाळंत झाली होती. अशा मुलीला ‘जरा विश्रांती घे’ म्हणणं सोपं आहे. तिच्या हातातला फलक तेवढे दिवस कोण धरणार, हा खरा प्रश्न. लॉर्डचं पुस्तक त्या प्रश्नाच्या दारापर्यंत आणून सोडतं. आत आपल्याला जावं लागतं.

आमच्या गल्लीतल्या एक काकू कॅन्सर तपासणीच्या शिबिराला तीसेक बायकांना घेऊन गेल्या होत्या. याद्या त्यांनीच केल्या, चहा त्यांनीच पाजला. स्वतः रांगेत उभ्या राहिल्याच नाहीत. ‘‘माझं काय, पुढच्या खेपेला,’’ म्हणाल्या. पुढची खेप त्यांच्या वाट्याला आली नाही. ‘काकू, यादी इकडं द्या, आधी तुम्ही आत जा,’ एवढं म्हणायला कुणाला फार शिकावं लागलं नसतं.

त्या रांगेत मीही होते.