दुय्यम साधने आणि सातारा-सांगलीचा सामाजिक अभ्यास

समाजशास्त्रीय संशोधनातील दुय्यम साधनांचे महत्त्व मुळीच दुय्यम नाही. १८८५ च्या सातारा गॅझेटियरमधील गावगाड्यापर्यंत आज कोणत्याही मुलाखतीचा हात पोहोचत नाही, आणि दोन जिल्ह्यांतील प्रत्येक घर मोजणे हे एकट्या संशोधकाचे काम नव्हे. परंतु ही साधने दुसऱ्याने, दुसऱ्याच प्रयोजनासाठी सिद्ध केलेली असतात. आपल्याकडील अनेक प्रबंधांत पहिल्या प्रकरणात या मर्यादेचा उल्लेख होतो, आणि दुसऱ्या प्रकरणापासून तिचा विसर पडतो.

प्रथम 'सातारा' हे नावच घ्या. ब्रिटिश अमदानीतील सातारा जिल्ह्यात तासगाव, वाळवे, खानापूर हे तालुके होते. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये या जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले, आणि १९६० मध्ये दक्षिण सातारा हा सांगली जिल्हा झाला. वाटेगावी १९२० साली जन्मलेले अण्णा भाऊ साठे त्या काळी सातारा जिल्ह्यातले. आज ते गाव सांगलीत आहे. तेव्हा १९३१ चा 'सातारा' आणि १९६१ चा 'सातारा' यांचे आकडे शेजारी मांडून अस्पृश्य वर्गाची वाढ वा घट सांगणे निरर्थक होय. तालुकावार बेरीज नव्याने केल्याशिवाय ती तुलना उभीच राहत नाही.

याहून गंभीर घोटाळा धर्म व जात यांच्या रकान्यांत होतो. महाराष्ट्रात १९५१ साली बौद्धांची नोंद २,४८७ होती. १९६१ साली ती २७,८९,५०१ झाली. त्या वेळी धर्मांतरितांना अनुसूचित जातींच्या रकान्यात स्थान नव्हते. केवळ तोच रकाना वाचणाऱ्याला दलितांची संख्या रोडावल्याचा भास होतो. वस्तुतः माणसे तीच होती, रकाना बदलला होता. पुढे १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, आणि एकच व्यक्ती दोन्ही तक्त्यांत येऊ लागली. म्हणून १९६१ साठी दोन्ही आकड्यांची बेरीज जी माहिती देते, तीच बेरीज २०११ साठी (बौद्ध ६५,३१,२००; अनुसूचित जाती १,३२,७५,८९८) केल्यास लक्षावधी माणसे दोनदा मोजली जातात. जनगणना येथे खोटे बोलत नाही. तिला विचारलेला प्रश्न दर वेळी निराळा आहे, एवढेच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुय्यम साधने विपुल वापरली. पण कशी, हे पाहण्यासारखे आहे. १९११ च्या जनगणनेसाठी हिंदू कोणास म्हणावे याच्या ज्या कसोट्या आयुक्ताने लावल्या होत्या, त्या १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी घेतल्या. आयुक्ताला रकाने भरायचे होते. बाबासाहेबांनी त्यांतील ब्राह्मण पुरोहित व गोमांस यांविषयीच्या कसोट्यांवरून अस्पृश्यतेच्या उगमाचा प्रश्न उभा केला. माहिती सरकारी होती, प्रश्न त्यांचा स्वतःचा होता.

गॅझेटियरचा गुण तपशिलाचा आणि दोष दृष्टीचा. सरकारी दृष्टीला महारकी ही गावच्या नोकरीतील कामांची एक यादी दिसते. तीच कामे शंकरराव खरातांच्या 'तराळ अंतराळ' (१९८१) मध्ये वाचली म्हणजे त्यांना भूक, अपमान आणि रात्रीची पायपीट यांचे शरीर येते. मात्र या आत्मकथनालाही आपण साधन म्हणूनच तपासले पाहिजे. ते प्रौढपणी, धर्मांतरानंतरच्या जाणिवेतून लिहिलेले आहे. एका कुटुंबाच्या अनुभवावरून साऱ्या माणदेशाची टक्केवारी निघत नाही. शिवाय खरातांची आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. ब्रिटिश सातारा जिल्ह्याच्या अहवालातील वतनविषयक विधाने त्या गावाला लावण्यापूर्वी औंध दरबारचे कागद उघडावे लागतील, आणि हे काम ग्रंथालयातील खुर्चीवर बसून उरकणारे नाही.