‘स्मृतिचित्रे’तील पश्चात्ताप
संत ऑगस्टीनपासूनचे ख्रिस्ती आत्मनिवेदन बहुधा ईश्वरापुढील पापकबुलीच्या स्वरात बोलत आले आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त हा स्वर जवळजवळ नाही. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर कोलमडलेली, पुढे ख्रिस्ती पतीच्या घरातही सोवळे सांभाळणारी लक्ष्मी आणि १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेणारी लक्ष्मीबाई यांमधील अंतर निवेदिका विलापाने नव्हे, विनोदाने मोजते. मात्र हा विनोद दोषावर पांघरूण घालीत नाही. जातिभेदाचा आपला हट्ट ती उघडाच ठेवते. पश्चात्ताप म्हणजे मनाचे परतणे असेल, तर पूर्वीच्या स्वतःकडे पाहून तिरस्काराविना हसता येणे ही त्याची परिणतीच होय. या विनोदाला केवळ निरागसता मानणारी समीक्षा त्यातील धार्मिक आशयालाच मुकते.