‘आवळणे’ आणि ‘भरणे’ : व्रणोपचारातील कर्ब-अब्जांशद्रव्ये व त्यांची परिभाषा

कर्बाच्या अब्जांशद्रव्यांचा व्रणोपचारात होणारा उपयोग सांगणारे लेखन वाचताना भाषेच्या अभ्यासकास प्रथम खटकते ते त्यातील क्रियापदांचे दारिद्र्य. फुलरीनचा शोध १९८५ साली लागला, कर्बनलिकांचे वर्णन १९९१ साली प्रसिद्ध झाले, ग्राफीन २००४ साली वेगळे करण्यात आले. द्रव्यांना नावे तत्परतेने मिळाली. परंतु जखमेवर त्यांचे जे कार्य घडते, त्यासाठी बहुधा ‘जखम भरते’ एवढाच प्रयोग पुरेसा मानला जातो.

मराठी या बाबतीत दरिद्री नाही. जखम आवळते, खपली धरते, चिघळते, भरून येते. यांपैकी ‘भरून येणे’ म्हणजे तळापासून नवे मांस वर येणे. सुश्रुतसंहितेतील ‘रोपण’ ही संज्ञाही ‘रुह्’ म्हणजे वाढणे, या धातूच्या प्रयोजक रूपावरून आली आहे.

हा भेद केवळ शाब्दिक आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. उंदराच्या त्वचेखाली स्नायूंचा एक पातळ थर असतो. त्यामुळे त्याची जखम मुख्यतः कडा आकसून मिटते. मानवी जखमेची भिस्त नवे मांस व नवी त्वचा यांवर अधिक असते. म्हणूनच काही प्रयोगांत जखमेभोवती कडे बसवून हे आकसणे रोखतात. अशी दक्षता न घेता, केवळ क्षेत्रफळ घटले म्हणून जखम ‘भरली’ असे लिहिणे, म्हणजे क्रियापदाच्या आडून असिद्ध निष्कर्ष पुढे सरकविणे होय.

विशेषणांचीही हीच गत आहे. ग्राफीन ऑक्साइडला सरसकट ‘जंतुनाशक’ म्हटले जाते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी त्यास आधार दिला. परंतु २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याच्या सान्निध्यात जंतू अधिक जोमाने वाढले. लांब कर्बनलिकांनी उंदरांच्या उदरपोकळीत ॲस्बेस्टॉससारखा दाह उत्पन्न केल्याचे २००८ साली दाखविण्यात आले. आखूड वा गुंतलेल्या नलिकांनी तसे केले नाही. अर्थात गुण द्रव्याच्या नावात नसून आकार, मात्रा व शुद्धता यांत आहे.

तेव्हा ‘जंतुनाशक’ किंवा ‘निर्धोक’ हे विशेषण योजताना कोणत्या आकारात, किती मात्रेत, हे त्याच वाक्यात सांगितले पाहिजे. आणि ‘आवळणे’ व ‘भरणे’ यांची गल्लत टाळली पाहिजे. परिभाषा घडविताना नामांइतकीच चिंता क्रियापदांची वाहिली नाही, तर आपले शास्त्रीय गद्य अचूक दिसेल, पण अचूक असणार नाही.