‘ड्रॅक्युला’ (१९३१) : भयाचे सूचन आणि भयाचे कथन

ब्रॅम स्टोकर ह्यांची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. रोजनिश्या, पत्रे व टिपणे ह्यांतून ती उलगडते. अर्थात तिच्यातील भय हे मुळातच सांगितलेले भय आहे. असे परोक्ष निवेदन पडद्यावर आले म्हणजे काय होते, हे टॉड ब्राउनिंग ह्यांनी युनिव्हर्सल संस्थेसाठी १९३१ साली दिग्दर्शित केलेल्या बोलपटावरून ध्यानी येते.

ट्रान्सिल्व्हानियातील आरंभीचा भाग मोठी अपेक्षा निर्माण करतो. भग्न गढी, कोळ्याचे प्रचंड जाळे, शवपेटीतून हळूच बाहेर येणारा हात : कार्ल फ्रॉइंड ह्यांचे छायालेखन येथे शब्दांवाचून बोलते. पार्श्वसंगीत जवळजवळ नसल्याने शांतताही अर्थपूर्ण होते. बेला लुगोसी ह्यांच्या शब्दाशब्दांतील दीर्घ विरामांमुळे आणि हंगेरियन वळणाच्या उच्चारांमुळे स्वागताचे साधे वाक्यही परके, आणि म्हणूनच भयप्रद, वाटू लागते.

कथानक इंग्लंडात पोचताच मात्र हॅमिल्टन डीन व जॉन बाल्डरस्टन ह्यांच्या नाटकातील दिवाणखाना चित्रपटाला ग्रासतो. हिरवळीवरून धावणारे श्वापद प्रेक्षकाला दिसत नाही. ते दिसल्याचे हार्कर सांगतो. हजारो उंदरांचे वर्णन रेनफील्डच्या तोंडून ऐकावे लागते. पिशाचयोनीत गेलेली ल्यूसी मुलांना भुलविते; पुढे तिचे काय झाले, ह्याचा चित्रपटाला विसरच पडतो. ड्रॅक्युलाचा अंतही कॅमेऱ्याच्या दृष्टीआड होतो.

अप्रत्यक्ष सूचन भयानक रसाला उपकारकच असते, असा आक्षेप येथे संभवतो. तो तत्त्वतः मान्य आहे. तथापि सूचन आणि कथन ह्यांत भेद केला पाहिजे. रस स्वशब्दाने सांगणे हा संस्कृत साहित्यशास्त्राने दोष मानला आहे. शवपेटीतील हात भय सूचित करतो. हार्करचे वाक्य ते केवळ कळविते.

साधनांची उणीव हे कारणही पुढे करता येत नाही. त्याच नेपथ्यावर, रात्रीच्या वेळी, जॉर्ज मेलफर्ड ह्यांनी ह्याच कथेची स्पॅनिश आवृत्ती चित्रित केली. सुमारे अर्ध्या तासाने दीर्घ असलेल्या त्या आवृत्तीत कॅमेरा अधिक मोकळेपणाने फिरतो. कार्लोस व्हिलारियास ह्यांना लुगोसींची सर येत नाही, हे खरे. परंतु त्या वास्तूत दडलेल्या शक्यता तिने दाखवून दिल्या. ब्राउनिंग ह्यांच्या हाती त्या वास्तूबरोबर लुगोसींची वाणीही होती. म्हणूनच त्यांच्या चित्रपटाचे अपयश अधिक खेदजनक ठरते.