मुखवट्याआधीचा चेहरा : ‘भावेश जोशी सुपरहीरो’मधील दिग्दर्शन व अभिनय

प्रस्तावना

सुपरहीरोच्या उगमकथेचा साचा अमेरिकी चित्रकथांनी रूढ केला. सामान्य माणूस, त्याच्यावर कोसळलेला आघात आणि त्यातून स्वीकारलेला मुखवटा हे या साच्याचे तीन टप्पे होत. मराठीत निखिल महाजन यांनी ‘बाजी’ (२०१५) मध्ये, तर हिंदीत विक्रमादित्य मोटवाने यांनी ‘भावेश जोशी सुपरहीरो’ (२०१८) मध्ये तो इथल्या मातीत रुजविण्याचा प्रयत्न केला. प्रस्तुत लेखात दुसऱ्या चित्रपटाचे दिग्दर्शन व अभिनय यांचा विचार केला आहे.

दिग्दर्शन

मोटवाने यांच्या नायकाला अलौकिक शक्ती नाही. २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाने भारावलेले मुंबईतील तरुण मित्र डोक्यावर कागदी पिशव्या चढवून किरकोळ गैरप्रकारांचे चित्रीकरण करू लागतात. पुढे त्यांच्यासमोर उभे राहतात ते शहराचे पाणी चोरून विकणारे लोक. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या प्रेक्षकाला, मग तो मुंबईचा असो वा नागपूरचा, हे खलत्व समजावून द्यावे लागत नाही. शत्रूची ही निवड हे दिग्दर्शकाचे खरे यश होय.

अभिनय

प्रियांशु पैन्यूली यांचा भावेश हट्टी, भाबडा आणि म्हणूनच विश्वसनीय आहे. त्याच्या हत्येनंतर कथेचा भार सिकंदरवर, म्हणजे हर्षवर्धन कपूर यांच्यावर येतो. परदेशी जाण्यासाठी पासपोर्टच्या पडताळणीत लाच देणारा हा तरुण आहे. त्यामुळे त्याच्या परिवर्तनाचे बीज सूडापेक्षा अपराधभावनेत आहे. तडजोड करणारा सिकंदर कपूर यांच्या संथ, अबोल शैलीला साजेसा ठरतो. मात्र मित्राच्या मृत्यूनंतरही ती शैली फारशी बदलत नाही. मुखवट्याने चेहरा झाकला की चाल, श्वास आणि आवाज एवढीच साधने नटापाशी उरतात. त्यांतून अपराधभावना पुरेशी प्रकटत नाही. हा दोष एकट्या नटाचा नाही. प्रशिक्षण, मोटारसायकल व पाठलाग यांकडे वळताना पटकथेने शोकाला पुरेसा अवकाश दिलेला नाही.

येथे निशिकांत कामत दिग्दर्शित ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) ची तुलना उद्बोधक ठरते. त्यातील बँकेत नोकरी करणारा माधव आपटे मुखवट्याविनाच व्यवस्थेवर तुटून पडतो. संदीप कुलकर्णी यांनी रोजच्या लोकल प्रवासातील थकव्यापासून उद्रेकापर्यंतचा प्रवास चेहऱ्यावर पायरीपायरीने उमटविला. म्हणूनच त्याचा संताप पटतो, आणि त्याचे भयही वाटते. विशेष म्हणजे ‘भावेश जोशी’मधील राणा हा खलनायक कामत यांनीच साकारला आहे. त्यांचा संयत सूर सत्तेची निर्ढावलेली सहजता दाखवितो. परिणामी नायकापेक्षा खलनायक अधिक घडलेला वाटतो.

निष्कर्ष

उगमकथेत नायकाचा जन्म वेशभूषेने होत नाही. तो नटाच्या देहात आधी घडावा लागतो. मोटवाने यांनी त्यासाठी योग्य भूमी शोधली, परंतु भावेशची निष्ठा सिकंदरमध्ये उतरण्याचा क्षण अपुरा राहिला. तरीही सामान्य नागरिकाच्या नैतिक पराभवातून नायक घडविण्याचा हा प्रयत्न, परकीय साच्याच्या निव्वळ अनुकरणापेक्षा अधिक मोलाचा आहे. पुढील दिग्दर्शकांनी मुखवट्याआधीच्या चेहऱ्याला अधिक वेळ द्यावा, हाच त्याचा धडा होय.