माजी चालक आणि हिशेबाची वही : लहान मालवाहतूक-व्यवसायातील वादांची एक मीमांसा

सर हेन्री मेन यांनी १८६१ साली प्रसिद्ध केलेल्या 'एन्शंट लॉ' या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, प्रगत समाजांची वाटचाल जन्मसिद्ध दर्जाकडून स्वेच्छेने केलेल्या कराराकडे होत असते. कामगारविषयक कायद्यांच्या अभ्यासात हे सूत्र इतके रूढ झाले आहे की, जेथे मालक आहे आणि नोकर आहे, तेथे त्यांच्यामध्ये एक करार असणारच आणि वाद उद्भवल्यास तो कराराचा अर्थ लावून मिटविता येणारच, असे गृहीत धरले जाते. दोन-चार मालमोटारी बाळगणारा मालक आणि त्याची नोकरी सोडून गेलेला चालक यांच्यामधील वादांकडे पाहिले असता मात्र या गृहीताचा पाया डळमळीत असल्याचे दिसून येते. येथे करार लिहिलेला नसतो, हे तर खरेच. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, उभय पक्षांमधील संबंध कोणत्या जातीचा होता हा प्रश्न तो संबंध चालू असताना कोणीच विचारीत नाही. तो तुटल्यानंतरच त्याला नाव देण्याची निकड उत्पन्न होते, आणि ते नाव ज्या दारात उभे राहून विचारावे त्या दाराप्रमाणे बदलते. या वादांना केवळ 'वेतनाचे वाद' मानणारी प्रचलित विवेचने अपुरी ठरतात, ती या कारणामुळे.

प्रथम व्यवहाराचे स्वरूप पाहिले पाहिजे. लहान मालकाकडे चालक नोकरीस लागतो तो बहुधा ओळखीच्या कोणाच्या तरी शब्दावर. नेमणुकीचे पत्र नसते. वाहन चालविण्याचा परवाना पाहिला जातो आणि पुष्कळदा तो जामिनासारखा मालकाजवळ राहतो. मोबदला एकजिनसी नसतो. मासिक पगार, खेपेमागे ठरलेला भत्ता, आणि खेपेच्या खर्चासाठी हाती दिलेली रोकड या तिन्ही रकमा एकाच खिशातून निघून एकाच खिशात जातात. त्या रोकडीतून डिझेल, वाराई, टायरची दुरुस्ती, ताडपत्रीचे दोर आणि वाटेतील अनेक बिनपावतीचे खर्च भागवावयाचे असतात. घरी अडचण आली की चालक 'उचल' घेतो. खेप संपली की हिशेब होतो. परंतु तो पुरता कधीच मिटत नाही, शिल्लक पुढील खेपेवर ओढली जाते. मालक आणि चालक यांचा संबंध टिकून राहतो तो काही अंशी या न मिटलेल्या हिशेबामुळेच. चालकाच्या अंगावर उचल असते म्हणून तो सहसा सोडून जात नाही, आणि मालकाकडे पगार अडकलेला असतो म्हणूनही तो जात नाही.

अर्थात्, चालक नोकरी सोडतो तेव्हा केवळ एक मनुष्य काम थांबवीत नाही, तर वर्षानुवर्षे उघडी राहिलेली वही एकाएकी मिटवावी लागते. मालक म्हणतो, डिझेलचा मेळ बसत नाही, मालात तूट आली, टायर अकाली झिजला आणि उचल फिटलेली नाही. चालक म्हणतो, तीन महिन्यांचा पगार बाकी आहे, आणि रस्त्यावर जे दिले त्याची पावती कोणी देत नसते. दोघेही बहुधा अंशतः खरे बोलत असतात. तथापि वही मालकाजवळ असते आणि चालकाजवळ फक्त स्मृती असते.

आता हा एकच हिशेब निरनिराळ्या दारांत कसा वाचला जातो, ते पाहावे. चालक वेतनाची मागणी घेऊन गेला तर वेतनविषयक कायदा लागू होतो. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ अन्वये सेवा समाप्त केल्यावर दुसरा कामाचा दिवस संपण्यापूर्वी वेतन चुकते करणे बंधनकारक होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहिता, २०१९ या कायद्याने ही दोन दिवसांची मुदत कायम ठेवून तिच्यात राजीनाम्याचाही स्पष्ट समावेश केला आहे. नुकसानीबद्दल कपात करावयाची तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीमुळे प्रत्यक्ष घडलेले असले पाहिजे, त्याला कारण दाखविण्याची संधी दिलेली असली पाहिजे, आणि एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नये. म्हणजे या दारात मालकाची वही संशयाने वाचली जाते.

परंतु त्याच वहीतील तीच तूट घेऊन मालक पोलीस ठाण्यात गेला, तर तिचे नाव पालटते. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४०८ खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली, नोकराने केलेला फौजदारीपात्र न्यासभंग हा सात वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा अपराध आहे. केवळ हिशेबातील फरक म्हणजे अपराध नव्हे, अप्रामाणिक हेतू सिद्ध व्हावा लागतो, हे तत्त्व सर्वमान्य आहे. पण ते लागू होते न्यायालयात. चालकाला त्याच्या गावाहून बोलावणे येते ते त्याच्या कितीतरी आधी. वेतनाची मागणी सोडून देण्यास तेवढे बोलावणे पुष्कळदा पुरेसे होते. कायद्याने एकाच आकड्याला दोन दारे ठेवली असून त्यांपैकी एक दार दुसऱ्यापेक्षा फार लवकर उघडते, ही विषमता वेतन-वादांच्या विवेचनात क्वचितच विचारात घेतली जाते.

तिसरे दार अपघाताचे. १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम आणि आता त्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० यांच्या अन्वये कामाच्या ओघात इजा झालेल्या चालकाला, किंवा तो दगावल्यास त्याच्या कुटुंबीयांना, भरपाई मिळते. आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४७ प्रमाणे वाहनाच्या चालकाविषयीचे हे दायित्व विम्यात अंतर्भूत असते. म्हणजे येथे पैसे द्यावयाचे असतात विमा कंपनीने. साहजिकच चालक आपला नोकर होता आणि त्याला अमुक पगार होता, हे कबूल करण्यात मालकाला आडकाठी राहत नाही. शंका घेतो तो विमाकर्ता. वेतनाच्या मागणीत ज्याला 'तो खेपेपुरता यायचा' असे म्हटले जाते, फौजदारी तक्रारीत ज्याला 'विश्वासाचा नोकर' म्हटले जाते, तोच मनुष्य भरपाईच्या अर्जात 'नियमित पगारी चालक' होतो. ही तीन वर्णने परस्परविसंगत आहेत, पण प्रत्येक वर्णन त्या त्या दारात सोयीचे आहे. मेन यांच्या सूत्राने या विसंगतीचा उलगडा होत नाही. कारण येथे दर्जा मागे पडून करार पुढे आलेला नसून, कोण कोणाला पैसे देणार यावर दर्जाच ठरत आहे.

कामगार कायद्यांची रचना या संदिग्धतेला हातभार लावते. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ हा या क्षेत्रातील प्रमुख कायदा होता. कामाचे दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा, तसेच विश्रांती व साप्ताहिक सुटी यांविषयीच्या त्याच्या तरतुदी विचारपूर्वक केलेल्या होत्या. 'मोटार परिवहन कामगार' या संज्ञेची त्यातील व्याख्याही उदार होती. प्रत्यक्ष वा अभिकरणामार्फत, वेतनावर वा वेतनाविना काम करणारा मनुष्य तीत येत असे. पण हा उदारपणा उंबरठ्यावर अडत असे. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमासच तो अधिनियम लागू होता. त्याहून लहान उपक्रमांना तो लावण्याचा अधिकार राज्य शासनाकडे ठेवलेला होता. दोन गाड्यांच्या मालकाकडे दोन चालक व दोन क्लीनर, म्हणजे चार कामगार, तो कायद्याबाहेर. तिसरी गाडी घेतली की सहा कामगार, तो कायद्यात.

हा अधिनियम आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन झाला आहे, आणि तिच्यातील 'आस्थापना' या संज्ञेच्या व्याख्येत मोटार परिवहन उपक्रमासाठी दहा कामगारांची अट आहे. म्हणजे तीन-चार गाड्यांचा जो मालक पूर्वी कायद्याच्या कक्षेत होता, तो याच हिशेबाने तिच्याबाहेर गेला. ज्या व्यवसायात बहुसंख्य मालकांकडे पाचाहून कमी गाड्या असतात, त्या व्यवसायात हा बदल किरकोळ नव्हे. याहून मार्मिक गोष्ट अशी की, नेमणूकपत्र देण्याचे बंधन याच संहितेत आहे. उलटपक्षी, वेतन दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकणारी तरतूद वेतन संहितेच्या कलम ५९ मध्ये आहे आणि तिला अशी संख्येची अट नाही. म्हणजे 'वेतन दिले होते' हे मालकाने सिद्ध करावयाचे. पण 'मी नोकर होतो' हे आधी चालकाने सिद्ध करावयाचे, आणि ज्या कागदाने ते सिद्ध झाले असते तो देण्याचे बंधन लहान मालकावर नाही. एका संहितेने दिलेले दुसरीने अशा रीतीने काढून घेतले आहे.

पुराव्याच्या या अडचणीची जाणीव न्यायालयांना नाही असे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली रेंज फॉरेस्ट ऑफिसर विरुद्ध एस. टी. हदिमनी या प्रकरणात असा निर्णय दिला की, वर्षात २४० दिवस काम केल्याचे कामगारानेच सिद्ध केले पाहिजे, आणि त्यासाठी त्याचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र पुरेसे नाही. २००५ साली आर. एम. येल्लाटी यांच्या प्रकरणात याच न्यायालयाने हा भार कामगारावर कायम ठेवला. तथापि रोजंदारीवरील कामगाराजवळ नेमणुकीचा कागद नसतो, त्याने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून मालकाला हजेरीपत्रके सादर करण्यास सांगावे, एवढेच त्याच्या हाती असते, हे वास्तवही मान्य केले. पहिल्या निर्णयात पुराव्याची व्याख्या दिसते, तर दुसऱ्यात पुरावा कोणाच्या कपाटात असतो याचे भान. मात्र दोन्ही खटले शासकीय यंत्रणेविरुद्धचे होते. तेथे हजेरीपत्रक नावाची वस्तू निदान असू शकते. लहान मालकाच्या कपाटात ती मुळातच नसेल, तर 'सादर करा' या आदेशालाही फारसा अर्थ उरत नाही.

येथे मालकाच्या बाजूचा विचार न करणे अन्यायाचे होईल. या व्यवसायातील मालक पुष्कळदा कालचा चालकच असतो. गाडीवर कर्ज असते आणि हप्ता ठरलेल्या तारखेस भरावा लागतो. भाडे मात्र मध्यस्थाकडून किंवा मोठ्या वाहतूक कंपनीकडून सवडीने येते. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ अन्वये त्याचे देणे देण्यासाठी खरीददाराला ४५ दिवसांपर्यंतची मुदत असते, आणि चालकाचे अखेरचे वेतन त्याने दोन दिवसांत द्यावे अशी अपेक्षा असते. या दोन मुदतींमधील त्रेचाळीस दिवसांचा भार कोणी सोसावा, हा प्रश्न कायद्याने विचारलेलाच नाही. व्यवहारात तो चालक सोसतो. म्हणून मालकाच्या दुष्टपणाची कथा रचून हे वाद समजत नाहीत. दोन दुर्बळांपैकी अधिक दुर्बळावर तोटा उतरविण्याची ती एक रीत आहे. परंतु कारण समजले म्हणून अन्याय निस्तरत नाही, हेही तितकेच खरे. वेतन हे भाड्याच्या वसुलीवर अवलंबून राहू लागले की चालक हा नोकर न राहता नफ्यावाचूनचा भागीदार होतो.

या कोंडीतून वाट कोणती, याचे एक उत्तर त्याच मालमोटारीच्या मागील भागात सापडते. महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम, १९६९ याने गाडीत माल चढविणाऱ्या-उतरविणाऱ्या कामगारांपुढील हाच प्रश्न निराळ्या मार्गाने सोडविला. त्यांचाही मालक रोज बदलत असे, त्यांच्याजवळही कागद नव्हता. त्या कायद्याने मालकाची व्याख्या करण्यात शक्ती खर्च न करता हिशेबाची वहीच मालकाच्या हातून काढून मंडळाच्या हाती दिली. कामगाराची नोंदणी मंडळाकडे, मजुरी व तीवरील आकार यांचा भरणा मंडळाकडे, आणि वाटप मंडळाकडून. या मंडळांच्या कारभारात दोष शिरले असतील, पण मूळ कल्पनेचे मोल त्याने कमी होत नाही. पोते उचलणाऱ्याची नोंद तिसऱ्या पक्षाकडे आहे आणि ती पोती शेकडो मैल वाहून नेणाऱ्याची नोंद कोणाकडेच नाही, ही विसंगती अर्धशतकाहून अधिक काळ अभ्यासकांच्या नजरेआड राहावी, हे आश्चर्यकारक होय.

आजच्या काळात नोंदींचा तुटवडा नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे ही विसंगती अधिकच खुपते. गाडीने कोणता पथकर-नाका केव्हा ओलांडला हे फास्टॅग सांगतो. कोणता माल कोणत्या गाडीतून निघाला हे २०१८ पासून ई-वे बिलावर लिहिले जाते. परंतु या सर्व नोंदी वाहनाच्या क्रमांकाशी बांधलेल्या आहेत. स्टिअरिंगवर कोण बसले होते, त्याचे नाव त्यांत नाही. राज्यसंस्थेने करासाठी मालाची वही ठेवली, पथकरासाठी गाडीची वही ठेवली. माणसाची वही मात्र अजून मालकाच्या खिशातच आहे. ई-वे बिलात चालकाच्या परवान्याच्या क्रमांकाचा एक रकाना वाढविला असता, तर 'हा मनुष्य त्या दिवशी माझ्या गाडीवर होता' ही गोष्ट वादाचा विषयच राहिली नसती.

हे वाद मुख्यत्वे वेतनाचे नसून नोंदीच्या मालकीचे आहेत, असा याचा निष्कर्ष आहे. वेतनाचा दर वाढविणारा, मुदत घटविणारा किंवा दंड चढविणारा कायदा त्यांना स्पर्श करू शकत नाही. कारण ज्या क्षणी चालक 'माजी' होतो, त्या क्षणी तो कायद्याच्या दृष्टीने पूर्वी कधी 'आजी' होता की नाही, हाच प्रश्न उभा राहतो. त्या प्रश्नाचे उत्तर संबंध तुटण्यापूर्वी, आणि दोघांपैकी एकाच्याही हाती नसलेल्या वहीत, लिहून ठेवले जात नाही तोवर संहितांची संख्या चार असो वा चाळीस, चालकाजवळ पुराव्यादाखल त्याची स्मृतीच राहणार.