फॅरडेची मेणबत्ती आणि पाठ्यपुस्तकातील पेला

जे डोळ्यांना दिसत नाही त्याचे ज्ञान बालकास कसे करून द्यावे, हा प्रश्न बालवाङ्मयाच्या समीक्षेने फारसा हाताळलेला नाही. हवेविषयीचे लेखन ही या प्रश्नाची खरी कसोटी होय. कारण येथे लेखकाच्या साहाय्यास चित्र येत नाही, पुरावाच यावा लागतो.

मायकेल फॅरडे याने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बालश्रोत्यांसमोर सहा व्याख्याने दिली. विल्यम क्रुक्स याने संपादित केल्यावर ती १८६१ मध्ये ‘द केमिकल हिस्टरी ऑफ अ कँडल’ या नावाने ग्रंथरूपात प्रसिद्ध झाली. त्यांपैकी पाचव्या व्याख्यानात हवेचे विवेचन आहे. फॅरडे हवेचे वजन करून दाखवतो आणि ज्या सभागृहात मुले बसली आहेत तेथील हवाच एक टनाहून अधिक भरेल, असे सांगतो. पिसाच्या नळीत बटाट्याच्या चकत्या बसवून तो दाबलेल्या हवेचा जोर दाखवतो. प्राणवायूची ओळख पटवण्यासाठी तो नायट्रिक ऑक्साइड हा रंगहीन वायू घेतो. प्राणवायूशी संयोग होताच तो तांबूस होतो. प्रत्येक विधानास त्याचा स्वतंत्र पुरावा, हे या गद्याचे मर्म आहे.

याच्या शेजारी शालेय पुस्तकांतून वारंवार आढळणारा प्रयोग ठेवून पाहावा. परातीतील पाण्यात जळती मेणबत्ती उभी करून तिच्यावर पेला पालथा घालतात. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात चढते; आणि प्राणवायू जळून गेल्यामुळे पाण्याने त्याची एकपंचमांश जागा घेतली, असा निष्कर्ष दिला जातो. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो, हे खरे. परंतु या प्रयोगाने ते सिद्ध होत नाही. ज्योत विझते तेव्हा प्राणवायूचा मोठा भाग शिल्लकच असतो. जो खर्च होतो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ येते. पाणी चढते ते मुख्यतः तापलेली हवा निवून आकसल्यामुळे व वाफ थिजल्यामुळे. म्हणूनच ते ज्योत विझताना वेगाने चढते, आणि एकाऐवजी चार मेणबत्त्या लावल्यास अधिक चढते. प्राणवायू मात्र पेल्यात तेवढाच असतो.

फॅरडेचे सर्वच आज ग्राह्य आहे असे नाही. त्याने हवेचे मुख्य घटक दोनच सांगितले. हवेत सुमारे एक टक्का असलेल्या आर्गॉनचा शोध १८९४ मध्ये लागला. परंतु ही न्यूनता त्याच्या काळाची आहे. पाठ्यपुस्तकातील दोष पद्धतीचा आहे, आणि म्हणूनच तो अधिक गंभीर मानावा लागतो. उणी माहिती पुढे भरून काढता येते. पण ‘विझल्यावर पाणी का चढले?’ असे विचारणाऱ्या चौकस मुलास पुस्तकातील वाक्य पाठ करावयास लावले, तर स्वतःच्या डोळ्यांपेक्षा छापील अक्षर मोठे, हा धडा तो शिकतो. आणि विज्ञानाच्या तासाला याहून विपरीत धडा दुसरा नाही.